शरदातील एक बाळंतपण

औरंगाबाद शहराचा, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरचा, इतिहास सांगावयास बसले म्हणजे त्याचा आरंभ बहुधा मलिक अंबरापासून होतो. १६१० साली त्याने खडकी या खेड्याच्या जागी नगर वसविले. पुढे त्याचा मुलगा फत्तेखान याने त्यास फत्तेनगर म्हटले. १६५३ मध्ये दख्खनच्या सुभेदारीवर दुसऱ्यांदा आलेल्या औरंगजेबाने त्यास आपले नाव दिले. आणि २०२३ मध्ये ते नाव जाऊन, ज्या राजाने त्याच औरंगजेबाशी मरेपर्यंत झुंज दिली त्याचे नाव शहरास लाभले. हा क्रम शाळेतील मुलांसही पाठ असतो. यात वेशी आहेत, वाडे आहेत, मोहिमा आणि तह आहेत. परंतु त्या वेशींच्या आत जी घरे होती, त्या घरांत जी लेकरे रांगत होती आणि त्यांच्यामागे ज्या स्त्रिया दिवसभर धावत होत्या, त्यांचा मागमूस या इतिहासात सहसा लागत नाही.

आणि तरीही या शहरातील सर्वांत प्रसिद्ध वास्तू कोणत्याही विजयाची खूण नाही. बीबीचा मकबरा ही एका बाळंतिणीची कबर आहे. दरसाल लक्षावधी प्रेक्षक तो पाहून जातात. 'ताजमहालाची नक्कल' असा शेरा मारतात, मिनारांचे प्रमाण जमले की चुकले याची चर्चा करतात. पण आत जी निजली आहे ती पाच लेकरांची आई होती आणि धाकटे मूल चार आठवड्यांचेही झाले नव्हते तोच ती गेली, ही गोष्ट फार थोड्यांच्या मनात येते. प्रस्तुत लेखाचा विषय हीच गोष्ट आणि तिच्या अनुषंगाने या परिसरातील शरद ऋतूतला घरसंसार, हा आहे.

दिलरस बानू ही इराणच्या सफवी राजघराण्यातून आलेल्या शाहनवाजखानाची मुलगी. १६३७ साली तिचा औरंगजेबाशी विवाह झाला. पुढल्याच वर्षी दौलताबादेस पहिली मुलगी झाली, ती झेबुन्निसा. १६४३ मध्ये झीनतुन्निसा, १६५१ मध्ये झुबदतुन्निसा, १६५३ मध्ये मुलगा आझम, आणि १६५७ च्या सप्टेंबरच्या ११ तारखेस, पावसाळा सरता सरता, याच शहरात धाकटा अकबर. त्यानंतर सत्तावीस दिवसांनी, ८ ऑक्टोबरला, ती मरण पावली. थोरली मुलगी तेव्हा एकोणीस वर्षांची होती, झुबदत सहा वर्षांची, आझम चार वर्षांचा. राजवाड्यात दायांस व दासींस तोटा नसेल. पण चार वर्षांच्या मुलास आई दिसेनाशी होणे म्हणजे काय, हे समजण्यास इतिहासकाराची आवश्यकता नाही.

येथे एक तारखांचा घोळ उलगडणे अवश्य आहे. कित्येक मार्गदर्शिकांत मकबऱ्याचे बांधकाम १६५१ साली सुरू झाले असे छापलेले आढळते. जी स्त्री १६५७ मध्ये वारली तिची कबर सहा वर्षे आधी बांधावयास कोण घेईल? तसेच मकबरा आझमशहाने आईच्या स्मरणार्थ बांधला, अशी जनश्रुती आहे. वास्तूवरील लेखात हिजरी १०७१, म्हणजे इसवी सन १६६०-६१, हे वर्ष आहे आणि बांधणारा अताउल्ला व त्याच्याबरोबर हंसपतराय अशी नावे सांगितली जातात. त्या वर्षी आझम सात-आठ वर्षांचा पोर होता. तेव्हा मूळ बांधणी त्याची असणे संभवत नाही. मोठेपणी त्याने डागडुजी केली असेल व त्यावरून नाव जडले असेल. तथापि जनश्रुती चुकीची असली तरी तिच्यातील ओढ खोटी नाही. बापाने बायकोची कबर बांधली यापेक्षा लेकाने आईची बांधली, हे लोकांच्या मनास अधिक पटले, एवढाच तिचा अर्थ.

ती गेली तो ऋतू शरद होता, ही गोष्ट केवळ पंचांगापुरती नाही. आश्विन आणि कार्तिक हे दोन महिने कवींच्या मते निरभ्र आकाशाचे, चांदण्याचे आणि कमळांचे. वैद्यांच्या मते मात्र ते रोगांचे. वर्षाऋतूत साचलेले पित्त शरदाच्या उन्हाने प्रकोप पावते, असे चरकाने सांगून ठेविले आहे. त्याच चरकाने शरदातील पाण्यास 'हंसोदक' म्हटले: दिवसा सूर्याने तापविलेले, रात्री चंद्राने निवविलेले आणि अगस्त्याच्या उदयाने निर्विष झालेले. एकाच ऋतूत इतके निर्मळ पाणी आणि इतका ताप, हे कोडे पुष्कळ शतके सुटले नाही. त्याचा एक भाग १८९७ साली निजामच्या राज्यातच, सिकंदराबादेस, रोनाल्ड रॉसने सोडविला. नदीचे पाणी निवळते खरे, पण पावसाने मागे ठेविलेल्या डबक्यांत डास माजतात, आणि भादव्याच्या अखेरीपासून घरोघर हिवताप शिरतो. लहान मूल आणि बाळंतीण यांच्या अंगी प्रतिकार कमी. त्यामुळे घाला प्रथम त्यांच्यावर पडे.

आपल्या पूर्वजांनी आयुष्याची मोजणी ऋतूंनी केली, हे प्रसिद्धच आहे. वेदांतील ऋषी कोठे शंभर हिवाळे मागतो, कोठे शंभर शरद. आमची रोजची मराठी मात्र पावसाळे मोजते. 'तुझ्यापेक्षा चार पावसाळे अधिक पाहिले आहेत' असे म्हातारा माणूस म्हणतो तेव्हा त्यास वय सांगावयाचे असते. या मोजण्यांत मला घरातील अनुभव दिसतो. उन्हाळ्यात माणूस होरपळे, पावसाळ्यात अर्धपोटी राही, आणि शरदात तापाने फणफणे. त्यातून जो पार पडला त्याचे एक वर्ष झाले. ज्या घरात चार-पाच लहान मुले असत, त्या घरास कार्तिकी अमावास्येपर्यंत सगळी डोकी मोजून पाहावयाची सवय होती. आणि ती मोजणी दरसाल पुरी भरेलच अशी खात्री नव्हती.

आमच्या सणवारांकडे या दृष्टीने पाहिले तर त्यांतील पुष्कळ गोष्टींचा उलगडा होतो. मराठवाड्यात गौरींस महालक्ष्म्या म्हणतात आणि त्या एकट्या येत नाहीत. त्यांच्यापुढे त्यांची लेकरे मांडण्याची चाल पुष्कळ घरांत आहे. लक्ष्मी म्हणजे केवळ धान्याची कणगी नव्हे, पुढ्यात खेळणारे मूलही तीच, असा त्याचा साधा अर्थ. हस्त नक्षत्राच्या पावसात मुली पाटावर हत्ती काढून त्याच्याभोवती फेर धरतात, तो हादगा. वऱ्हाड-खानदेशच्या बाजूस याच सुमारास भुलाबाई बसते आणि तिच्या गाण्यांत डोहाळे, बाळंतपण आणि पाळणा हे विषय येतात. सात-आठ वर्षांच्या मुली खिरापत ओळखण्याच्या नादात आपल्या पुढल्या आयुष्याची उजळणी करीत असतात. नवरात्रात घटाखालच्या मातीत धान्य पेरतात; त्याच दिवसांत शेतात रबीच्या ज्वारीची पेरणी चाललेली असते. कोजागरीस घरातील ज्येष्ठ अपत्यास ओवाळतात. ज्येष्ठासच का? माझ्या मते याचे कारण असे, की पहिले मूल जगणे ही एके काळी घराच्या दृष्टीने सर्वांत मोठी परीक्षा होती. ते जगले म्हणजे आई आई झाली आणि घर घर झाले.

निजामच्या राज्यात फसली वर्षाचा आरंभही ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात होत असे. सरकारी दप्तरांत नव्या सालाची वही याच दिवसांत उघडे. खरिपाचे पीक दृष्टीस पडलेले, सावकाराचे देणे डोळ्यांपुढे उभे, आणि घरात एखादे तान्हे व एखादे तापाने निजलेले: असे हे कुळंब्याच्या घरचे नवे वर्ष. स्त्रीस या दिवसांत विसावा म्हणून नसे. पावसाने ओल धरलेल्या भिंती लिंपावयाच्या, अंथरुणे-पांघरुणे नदीवर नेऊन धुवावयाची, कडधान्यास ऊन दाखवावयाचे, मूग-उडदाच्या शेंगा बडवावयाच्या; आणि हे सर्व कमरेवर मूल घेऊन. पहाटेचे जाते तर बारमाही. शहरात बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्यापाशी पाण्याच्या बळावर फिरणारी पाणचक्की होती व तिचे पीठ दर्ग्यातील फकीर-वाटसरूंच्या मुखी जाई, ही गोष्ट कौतुकाने सांगण्यात येते. परंतु घरोघरचे जाते स्त्रीच्या हातानेच फिरत होते. त्या जात्यावरच्या ओव्या गी पॉइत्व्हँ आणि हेमा राईरकर यांनी गेल्या शतकाच्या अखेरीस गावोगाव फिरून एक लाखाहून अधिक गोळा केल्या. भाऊ, माहेर आणि लेकरू हे त्यांतील वारंवार येणारे विषय होत. बखरींत ज्या घरास जागा मिळाली नाही त्या घराची बखर ती हीच.

आणखी एक गोष्ट. दसऱ्यास सीमोल्लंघन असे. आज मुले आपट्याची पाने वाटीत हिंडतात आणि कर्णपुऱ्याच्या देवीच्या यात्रेत आईबापांपाशी खेळण्यांसाठी हट्ट धरतात. पण मोहिमांच्या काळात हा दिवस म्हणजे घरातील कर्त्या पुरुषाच्या प्रस्थानाचा दिवस. पावसाळाभर घरी असलेला शिलेदार किंवा बारगीर याच ऋतूत घोड्यावर बसे, आणि मागे राही ती बायको, म्हातारी माणसे आणि मुले. हा कर्णपुरा ज्याच्या नावाने आहे तो बिकानेरचा राजा करणसिंग मोगलांच्या चाकरीत राजपुतान्यातून येथे आला आणि १६६९ साली येथेच वारला. शहराचा संस्थापक मलिक अंबर तर लहानपणीच हबसाणातून गुलाम म्हणून विकला गेलेला. घरापासून तुटलेल्या माणसांनी हे शहर वसविले, असे म्हणावयास हरकत नाही.

या परिसरातील घराचे सर्वांत जुने चित्र मात्र या शहरात नसून येथून काही कोसांवरच्या पैठणात आहे. सातवाहन हालाच्या नावावर असलेली गाथासप्तशती महाराष्ट्री प्राकृतात आहे, स. आ. जोगळेकर यांनी १९५६ साली ती सविस्तर विवेचनासह मराठीत आणली. तिच्यात प्रेमिकांच्या चोरट्या भेटी पुष्कळ, म्हणून ती शृंगाराचा ग्रंथ समजली जाते. परंतु तिच्यात चुलीपुढचा संसारही तितकाच आहे. एका गाथेत रागावलेल्या बायकोची समजूत घालण्यासाठी नवरा तिच्या पाया पडला आहे, तोच त्यांचा लहानगा धावत येऊन बापाच्या पाठीवर घोडा-घोडा करू लागतो, आणि इतका वेळ रुसलेल्या त्या गृहिणीस हसू आवरत नाही. दुसऱ्या एका गाथेत स्वयंपाकाच्या काजळीचा हात चेहऱ्यास लागून तिचे मुख डाग असलेल्या चंद्रासारखे दिसते, म्हणून नवरा तिला हसतो.

आणि एक गाथा अशी आहे की, ती वाचल्यावर पुढले पान उलटवत नाही. दरिद्री घरातील गर्भवतीस नवरा विचारतो, तुला डोहाळे कशाचे लागले आहेत? तो पुनःपुन्हा विचारतो आणि ती प्रत्येक वेळी एकच उत्तर देते: पाणी. नवऱ्यास जे आणता येणार नाही ते मागून त्याचा जीव कासावीस करावयाचा नाही, म्हणून ती फुकट मिळणारी वस्तू मागते. अठराशे वर्षांपूर्वी गोदाकाठी कोणा कवीने हे पाहिले असले पाहिजे. दिलरस बानूच्या कबरीवर सुमारे पावणेसात लाख रुपये खर्च झाले असे सांगतात. या अनामिक स्त्रीची स्मृती दोन ओळींत राहिली. दोघींची अवस्था एकच होती, आणि त्या अवस्थेपुढे वाट्यास येणारे संकटही एकच होते.

त्याच पैठणात सोळाव्या शतकात एकनाथमहाराज झाले. संतमंडळींत ते गृहस्थाश्रमाचे उदाहरण म्हणून ओळखले जातात. त्यांस क्रोध येतो की काय हे पाहण्यासाठी एक ब्राह्मण जेवणाच्या वेळी वाढणाऱ्या गिरिजाबाईंच्या पाठीवर चढून बसला, अशी आख्यायिका आहे. नाथ म्हणाले, अग, सांभाळ, ब्राह्मण पडेल. त्यावर त्या माउलीने उत्तर दिले की, हरीला पाठीशी घेऊन कामे करण्याची मला सवय आहे, या लेकरासही पडू देणार नाही. या कथेचे सार सहसा शांतीचा महिमा म्हणून सांगण्यात येते. पण तिच्यातील खरा पुरावा निराळाच आहे. ज्या घरात पाठीवर मूल घेऊन वाढणे-रांधणे नित्याचे होते, त्या घरातच ही कथा जन्मास येऊ शकते आणि तशाच घरांत ती पटू शकते. गाथेतील बापाच्या पाठीवर मूल आहे, आख्यायिकेतील आईच्या पाठीवर. मध्ये चौदाशे वर्षे गेली, परंतु घर ओळखू येते.

आता पुन्हा १६५७ कडे वळू. औरंगजेबाचे ते वर्ष बीदर आणि कल्याणी यांच्या मोहिमेत गेले होते. सप्टेंबरात, ज्या आठवड्यात अकबर जन्मला त्याच्या सुमारासच, दिल्लीस शाहजहान आजारी पडला आणि चारही शाहजाद्यांच्या नजरा तख्ताकडे लागल्या. या गडबडीत एका बाळंतिणीचा मृत्यू इतिहासात पुसट झाला यात नवल नाही. पण त्याच वर्षी, १४ मे रोजी, पुरंदरावर आणखी एक मूल जन्मास आले होते: संभाजी महाराज. सईबाईंस त्यांच्यापूर्वी तीन मुली होत्या. बाळंतपणानंतर सईबाईंची प्रकृती सावरली नाही. दूध पुरेना म्हणून कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिने बाळास अंगावर पाजले. ५ सप्टेंबर १६५९ रोजी, भाद्रपदात, सईबाई राजगडावर निवर्तल्या. संभाजीराजे तेव्हा सव्वादोन वर्षांचे होते. त्यांस आजीने, जिजाबाईंनी, वाढविले.

म्हणजे एकाच वर्षी दोन पाळणे हलले, एक पुरंदरावर व एक औरंगाबादेस. दोन्ही मुलांच्या पाठीशी तीन-तीन बहिणी होत्या, आणि दोघांच्याही आया पावसाळ्याच्या अखेरीस गेल्या. बाप मात्र एकमेकांचे वैरी. पुढे काय घडले ते कोणत्याही कादंबरीकारास रचावयास धजवले नसते. १६८१ मध्ये अकबराने बापाविरुद्ध बंड केले. ते फसले तेव्हा दुर्गादास राठोडाने त्यास दक्षिणेत आणले, आणि त्याने आश्रय घेतला तो संभाजी महाराजांचा. त्याच वर्षीच्या नोव्हेंबरात दोघांची भेट झाली. दोघेही चोवीस वर्षांचे होते. या बंडाच्या वेळी भावाशी पत्रव्यवहार केला म्हणून झेबुन्निसेस बापाने सलीमगडावर कैदेत टाकले, ती मरेपर्यंत सुटली नाही. आई गेली तेव्हा चार आठवड्यांच्या त्या बाळाची एकोणीस वर्षांची बहीण ती हीच. बादशहाने त्या पत्रांत राजद्रोह पाहिला. पोरक्या भावाची माया त्याने पाहिली नसावी.

अकबर १६८७ साली इराणास निघून गेला व परत आला नाही. संभाजी महाराजांचा १६८९ च्या मार्चमध्ये वध झाला, आणि त्याच वर्षी, ३ नोव्हेंबरला, शरद सरता सरता रायगड पडून येसूबाई आणि सात वर्षांचे शाहू मोगलांच्या हाती लागले. बादशाही छावणीत या मुलावर ममता केली ती झीनतुन्निसा बेगमेने. म्हणजे दिलरस बानूच्याच दुसऱ्या मुलीने. १७०७ मध्ये औरंगजेब मेल्यावर शाहूंस सोडले ते आझमशहाने. म्हणजे दिलरसच्याच मुलाने. आझमशहाच्या करणीत राजकारण होते, हे उघड आहे. मराठ्यांत दुही माजावी हा त्याचा हेतू होता, आणि येसूबाईंस तर १७१९ पर्यंत ओलीस राहावे लागले. परंतु झीनतुन्निसेच्या ममतेस राजकारणाचे स्पष्टीकरण पुरे पडत नाही. चौदाव्या वर्षी आईस मुकलेली, जन्मभर अविवाहित राहिलेली ती स्त्री शत्रूच्या मुलास जपते, तेव्हा तिला आपल्या घरातील तो शरद आठवत नसेल काय? याचे उत्तर कागदपत्रांत सापडणार नाही. आणि प्रश्न विचारण्यावाचून राहवतही नाही.

दिलरस बानू नक्की कोणत्या रोगाने गेली हे वैद्यकाच्या भाषेत कोणी लिहून ठेविले नाही. तथापि प्रसूतीनंतर चार आठवड्यांच्या आत आलेला मृत्यू पाहता बाळंतरोगाकडेच बोट जाते. तिची सासू मुमताजमहल १६३१ मध्ये बऱ्हाणपुरास चौदाव्या बाळंतपणात गेली. म्हणजे ताजमहाल आणि बीबीचा मकबरा, हिंदुस्थानातील या दोन प्रख्यात कबरी, सासू-सुनेच्या आहेत, आणि दोन्हींचे कारण बाळंतपण हेच आहे. ज्या साम्राज्याने संगमरवर शेकडो कोसांवरून आणविला, त्यास सुइणीचे हात धुवून घेतले पाहिजेत एवढी गोष्ट ठाऊक नव्हती. ती त्या काळी कोणासच ठाऊक नव्हती. १८४७ साली व्हिएन्नाच्या प्रसूतिगृहात सेमेलवाइस या वैद्याने डॉक्टरांस क्लोरिनच्या पाण्याने हात धुवावयास लाविले आणि बाळंतरोगाने होणारे मृत्यू एकदम घटले. तरीही त्याच्या हयातीत बहुतेक सहव्यवसायिकांनी त्याचे ऐकले नाही. आमच्याकडे अंधाऱ्या खोलीत, धुमसत्या शेगडीपाशी, जुनेऱ्यावर बाळंतपणे होतच राहिली. पाचवीस सटवाईची पूजा करून मुलाच्या कपाळी काय लिहिले जाते याची वाट पाहावयाची, एवढेच घराच्या हाती होते.

या ऋतूचा सर्वांत क्रूर घाला १९१८ साली पडला. त्या वर्षी पाऊस दगा देऊन गेला होता. मुंबईहून पसरलेल्या इन्फ्लुएन्झाची दुसरी लाट सप्टेंबर-ऑक्टोबरात दख्खनभर फिरली. हिंदुस्थानात त्या साथीने एक कोटीहून अधिक माणसे नेली. इतर साथी म्हाताऱ्यांस आणि पोरांस नेत. हिने वीस ते चाळीस वयाच्या माणसांस, त्यांतही स्त्रियांस, अधिक उचलले, आणि गर्भवतींची तर दाणादाण केली. म्हणजे ज्या घरांत मुले लहान होती नेमक्या त्याच घरांतील आई गेली. १९११ च्या शिरगणतीत हैदराबाद संस्थानची लोकसंख्या १ कोटी ३३ लाखांवर होती, ती १९२१ मध्ये १ कोटी २४ लाखांवर आली. दहा वर्षांत वाढावयाची ती सुमारे ९ लाखांनी घटली. या आकड्यांत प्लेग आहे, दुष्काळ आहे. पण १९१८ चा आश्विन त्यांत मोठा आहे. मराठवाड्याच्या किती घरांत त्या दिवाळीस थोरल्या बहिणीने धाकट्यास न्हाऊ घातले असेल, याची नोंद कोणत्याही दप्तरात नाही. त्यांच्यापैकी कोणाच्याही आईचा मकबरा बांधला गेला नाही.

आजचे आकडे याच्या शेजारी ठेवून पाहावेत. विसाव्या शतकाच्या आरंभी ब्रिटिश हिंदुस्थानात जन्मलेल्या दर हजार मुलांपैकी सुमारे दोनशे पहिल्या वाढदिवसाच्या आत मरत. २०२० सालच्या नोंदीप्रमाणे महाराष्ट्रात हे प्रमाण १६ वर आले. २०१८ ते २०२० या काळात महाराष्ट्रात दर लाख जन्मांमागे ३३ माता दगावल्या, सबंध देशात ९७. हे आकडे शून्य नाहीत, आणि मराठवाड्यातील ऊसतोडणीस जाणाऱ्या स्त्रीचे बाळंतपण व शहरातील सुखवस्तू स्त्रीचे बाळंतपण यांत अंतर आजही आहे. शरद सरतो तोच या जिल्ह्यांतून तोडणीच्या टोळ्या कारखान्यांकडे निघतात. गरोदर बाई आणि कडेवरचे मूल त्यांत असते. घर सोडावयास लावणारे हे सीमोल्लंघन थांबलेले नाही. परंतु बाळंतपण म्हणजे मरणाशी गाठ, हा जो नियम बादशहाच्या जनान्यापासून कुळंब्याच्या खोपटापर्यंत सारखा लागू होता, तो मोडला आहे. आमच्या इतिहासात याहून मोठी लढाई जिंकली गेल्याचे मला आढळत नाही. आणि हिचा पोवाडा कोणी रचलेला नाही.

या शहरात १९५६ साली सरकारी वैद्यकीय महाविद्यालय निघाले. त्याच्या रुग्णालयास सारा मराठवाडा 'घाटी' म्हणतो. ते मकबऱ्यापासून फार दूर नाही. दूरदूरच्या तालुक्यांतून अडलेल्या बाळंतिणी तेथे येतात, आणि आश्विनाच्या रात्री, कर्णपुऱ्यात यात्रेचा गलबला चालला असता, तेथे मुले जन्मास येत असतात. त्यांच्या आया चार दिवसांनी पायऱ्या उतरून, बाळास दुपट्यात घट्ट गुंडाळून, घरी जातात. घरी आधीचे एखादे मूल दारात वाट पाहत असते. ज्यास या शहराचा इतिहास लिहावयाचा आहे त्याने मकबरा अवश्य पाहावा. तेथे एक आई घरी परतली नाही याची साक्ष आहे. मग त्याने घाटीचा दरवाजाही पाहावा. तेथून रोज ज्या परततात, त्यांची नोंद झाल्याखेरीज तो इतिहास पुरा होणार नाही.